एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का? डिलिव्हरीच्या दिवशी ठरवू नका

दसरा-दिवाळीच्या डिलिव्हऱ्या झाल्या की आमच्याकडं प्रश्नांचा पूर येतोय आणि यंदा त्यातले निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत, एक्स्टेंडेड वॉरंटी, म्हणजे कंपनीची मूळ वॉरंटी संपल्यावर पुढच्या वर्षांसाठी पैसे भरून घ्यायची वाढीव वॉरंटी, घेऊ का नको. म्हणून टायर, मायलेज, सीट कव्हर सगळं पुढच्या अंकावर ढकललंय. मी अकरा वर्षं एका सर्व्हिस सेंटरात ॲडव्हायजर म्हणून काउंटरवर होतो आणि आता कोल्हापूरच्या उद्यमनगरात स्पेअर पार्टचं दुकान आहे, त्यामुळं वॉरंटी नाकारताना लोकांची तोंडं कशी होतात तेपण बघितलंय आणि नाकारलेला माणूस दुसऱ्या दिवशी पार्टचा भाव विचारायला येतो तेव्हा कसा दिसतो तेपण बघतोय.

दादा, पहिलीच नवीन गाडी घेतोय, पेट्रोल, ऑटोमॅटिक. कोटेशनमध्ये सेल्सवाल्यानं चौथ्या-पाचव्या वर्षाच्या वॉरंटीचे २२,००० रुपये न विचारताच धरलेत. सासरे म्हणतात हे सगळं कमिशनसाठी, आमच्या वेळी कोण घेत होतं असलं. नवरा म्हणतोय घेऊन टाकू, लोनमध्येच जातंय, कळणारपण नाही. दोघांच्या मधी मी अडकलीय. शनिवारी डिलिव्हरी आहे.
(एक वाचक, उचगाव)

ताई, आधी तुमच्या मिस्टरांचं "कळणारपण नाही" हे घेऊ, कारण सगळ्यात महाग वाक्य तेच आहे. २२,००० रुपये ९ टक्क्यांनी सात वर्षांच्या कर्जात घातले तर महिन्याला ३५४ रुपये पडतात, खरंच कळत नाहीत, पण सात वर्षांची बेरीज मारली की २९,७०० च्या वर जाते. आणि गंमत बघा, वॉरंटी पाचव्या वर्षी संपली तरी तिचा हप्ता सातव्या वर्षापर्यंत तुमच्या खात्यातून जातच राहतोय. घ्यायची असली तरी लोनमध्ये नको, रोख द्या.

आता सासऱ्यांचं. सेल्सवाल्याला त्यावर इन्सेन्टिव्ह असतो हे खरंय, ते नाकारायचं कारण नाही, त्याचंपण पोट आहे. पण त्यांच्या वेळचा हिशोब आज तसाच लागू होत नाही. मारुतीचंच घ्या, २०२४ च्या जुलैपर्यंत मूळ वॉरंटी २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर होती, ती त्यांनी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली. म्हणजे पूर्वी वाढीव वॉरंटी तिसऱ्या वर्षी कामाला लागायची, आता तुम्ही शनिवारी पैसे द्यायचे आणि त्याचं काम सुरू होणार चौथ्या वर्षी. मधली तीन वर्षं ते २२,००० नुसते त्यांच्याकडं बसून. तेच एफडीत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर तीन वर्षांत २६,७०० च्या आसपास होतात, आणि गाडीला काही झालं नाही तर ते तुमचेच.

मग नको म्हणायचं का? थांबा. तुमची गाडी ऑटोमॅटिक आहे आणि सगळा विषय तिथंच आहे.

चौथ्या-पाचव्या वर्षात गाडीत काय जातंय ते काउंटरवर बसून मी बघितलेलं सांगतो. इंजिन फार क्वचित. लोक वॉरंटी घेतात ती इंजिनच्या भीतीनं, पण वेळेवर ऑइल बदललेलं साधं पेट्रोल इंजिन पाच वर्षांत काही बसत नाही. येतंय ते एसीचं कॉम्प्रेसर, कूलिंग कॉइल, इलेक्ट्रिक स्टिअरिंगची मोटर, अल्टरनेटर, टचस्क्रीन एकदम काळा पडणं, पॉवर विंडोची मोटर, आणि सेन्सर, सेन्सर तर विचारूच नका. आणि ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सचा कंट्रोल. आता ऑटोमॅटिक म्हणजे नेमकं कुठलं हे सेल्सवाल्याला विचारा, तो "मस्त ऑटोमॅटिक आहे मॅडम" एवढंच म्हणेल, तेवढ्यावर सोडू नका. एएमटी असेल तर आत गिअरबॉक्स साधाच असतोय, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्या हातापायाऐवजी ॲक्च्युएटर नावाचं यंत्र करतं, क्लच प्लेट मात्र मॅन्युअल गाडीसारखीच झिजते आणि ती वॉरंटीत येत नाही, हे लक्षात ठेवा कारण शिवाजी पुतळ्याच्या चौकात रोज सिग्नलला सरकत सरकत गाडी चालवली की पहिली तीच जाते. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचच्या जागी तेलाच्या जोरावर चालणारी जुन्या पद्धतीची ऑटोमॅटिक, दणकट. डीसीटी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक, चालवायला लई भारी, पण बिघडली तर खर्चपण तसाच भारी.

तर एक काम करा. शनिवारच्या आधी कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर जा (शोरूमच्या सोफ्यावर नाही, मागं पार्ट काउंटरवर) आणि तुमच्या मॉडेलच्या तीन गोष्टींचा भाव लेबरसकट लिहून घ्या. एसी कॉम्प्रेसर, स्टिअरिंगची पूर्ण असेंब्ली, गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट किंवा ॲक्च्युएटर. ह्यातला एकपण आकडा २२,००० च्या दुप्पट गेला आणि गाडी तुम्ही पाच वर्षांच्या पुढं ठेवणार असाल, तर वॉरंटी घ्या, मी घेईन. चार वर्षांनी गाडी बदलायची सवय असेल तर तुम्ही पुढच्या मालकाचा खर्च भरताय. विकताना ती बहुतेक कंपन्यांत ट्रान्सफर होते, त्यानं गाडीला दोन पैसे जास्त येतीलपण, पण दिलेले सगळे परत येतील असं धरू नका.

आणि मुख्य म्हणजे शनिवारी ठरवायची घाई काय आहे? बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी चालू आहे तोपर्यंत वाढीव देतात. भाव टप्प्याटप्प्यानं वाढतो, पहिल्या काही महिन्यांत एक, वर्षानंतर एक, दोन वर्षांनंतर आणखी जास्त, आणि काही ठिकाणी उशिरा घेतली तर गाडी तपासून मगच देतात. त्या टप्प्यांचा तक्ता मागा, १८ टक्के जीएसटी धरून. तो तक्ता असतो, सेल्सवाला "आज घेतली तरच" म्हणाला तर त्याला सांगा मग तक्ता दाखवून सांग.

डिलिव्हरीच्या दिवशी काय होतंय माहितीये ना, गाडीवर लाल सॅटिनचं कापड, टायरखाली लिंबू, पोरं फोटोसाठी गाडीच्या नाकापुढं, हातात पेढ्याचा बॉक्स, आणि त्या गडबडीत एक मुलगी हसतमुखानं सहा कागद पुढं करते, "सर इथं, इथं आणि इथं". त्या सहातला एक हाच असतोय. त्या दिवशी सही फक्त गाडीच्या कागदावर करा, हा कागद घरी घेऊन या आणि त्यातलं "काय कव्हर नाही" हे पान आधी वाचा, "काय कव्हर आहे" ते नंतर वाचलं तरी चालतंय.

साहेब, माझा सुताचा धंदा, इचलकरंजी-सोलापूर-भिवंडी कायम चालू, महिन्याला ३,००० किलोमीटर होतातच. कंपनी फिटेड सीएनजी गाडी घेतोय. एवढं रनिंग म्हणजे वॉरंटी पाहिजेच की, का?
(एक व्यापारी, इचलकरंजी)

पाहिजेच, पण तुम्ही जी विकत घेताय असं तुम्हाला वाटतंय ती तुम्हाला मिळत नाही, हिशोब करून बघा. वर्षाला ३६,००० किलोमीटर. मारुतीची धरली तर मूळ वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर, जे आधी संपेल ते, म्हणजे तुमची दोन वर्षं नऊ महिन्यांतच संपली. आता मारुतीचं पाचव्या वर्षापर्यंतचं पॅकेज १,४०,००० किलोमीटरला थांबतंय. तुमचे १,४०,००० होणार तीन वर्षं साडेदहा महिन्यांत. कागदावर "दोन वर्षं जास्त" लिहिलेलं असलं तरी तुमच्या हातात पडले जेमतेम तेरा-चौदा महिने. वरच्या ताईंच्याच २२,००० चा आकडा धरला तर तुम्हाला किलोमीटरला ५५ पैसे पडले. सहाव्या वर्षापर्यंतचं पॅकेज १,६०,००० ला थांबतं, म्हणजे तुमच्यासाठी चार वर्षं पाच महिने.

सुताच्या कोनाचं वजन करताना तुम्ही ग्रॅमचा हिशोब करता, इथं वर्षांवर जाऊ नका, किलोमीटरवर जा. दोन-तीन कंपन्यांची तुलना करा, ह्युंदाईसारख्या काहींची खाजगी वापराच्या गाडीला मूळ वॉरंटीच ३ वर्षं आणि किलोमीटरला मर्यादा नाही अशी आहे, तुमच्यासारख्याला पहिल्या तीन वर्षांतच त्याचा फायदा दिसतो.

सीएनजी कंपनी फिटेड घेताय ते बरं केलं. बाहेरून किट बसवलं की इंजिन आणि वायरिंगच्या वॉरंटीवर पाणीच सोडायचं, तिथं वाद घालायला पण जागा राहत नाही. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, दर तीन वर्षांनी करायचीच असते, तिचा खर्च तुमचा, कुठल्याच वॉरंटीत नाही. आणि गाडी धंद्याच्या नावावर घेताय का स्वतःच्या तेपण विचारा, भाड्यानं चालणाऱ्या गाडीच्या अटी वेगळ्या असतात, तुमची भाड्याची नाही हे खरं पण फॉर्मवर कोणीतरी चुकीचा चौकोन टिक करतोय आणि तीन वर्षांनी तो चौकोन निघतोय, हे मी बघितलंय.

दादा, गाडीला एक्स्टेंडेड वॉरंटी आहे, सगळ्या सर्व्हिस वेळेवर, तरी टचस्क्रीन बंद पडल्यावर सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले तुम्ही बाहेरून रिव्हर्स कॅमेरा लावलाय, क्लेम बसत नाही. दोन हजाराच्या कॅमेऱ्यापायी सगळी वॉरंटी गेली? हा कुठला न्याय?
(एक वाचक, कसबा बावडा)

भावा, बस जरा, ह्याच्यावर माझीच गोष्ट सांगतो म्हणजे तुला कळेल की काउंटरच्या आत अकरा वर्षं काढलेला माणूसपण कसा गंडतो.

माझ्या स्वतःच्या गाडीला मी फॉग लॅम्प लावले होते. बेस मॉडेल घेतलेलं, गगनबावड्याच्या घाटात धुक्यात समोरचं काही दिसेना, म्हणून एका दुकानात जाऊन तासाभरात लावून घेतले, त्या पोरानं बंपर काढला, लावले, स्विच डॅशबोर्डखाली बसवला, बाराशे रुपये घेतले, मी खुश. चौथ्या वर्षी एक दिवस सकाळी गाडी चालू केली तर स्टिअरिंगचा पिवळा दिवा लागला आणि स्टिअरिंग एकदम दगड. वॉरंटी होती, निवांत गेलो. दुपारी फोन आला, या जरा. गेलो तर गाडी लिफ्टवर, बंपर खाली उतरवून ठेवलेला, आणि त्या फिटरनं मला टॉर्च मारून दाखवलं. मेन हार्नेसची, म्हणजे गाडीच्या वायरींच्या मुख्य जुडग्याची, वायर ब्लेडनं सोललेली, त्यावर फॉग लॅम्पची वायर नुसती पिळून गुंडाळलेली, वर काळी टेप, आणि चार पावसाळ्यांत ती टेप सुटून खाली लोंबत होती, आतलं तांबं हिरवं पडलेलं. जॉब कार्डावर लिहिलं होतं, "बाह्य फिटमेंटमुळे, क्लेम नामंजूर". हेच वाक्य मी लोकांच्या जॉब कार्डावर किती वेळा लिहिलंय.

पण मला एक गोष्ट ठाऊक होती जी गिऱ्हाईकाला ठाऊक नसते. मी भांडलो नाही, आवाज चढवला नाही, फक्त म्हटलं की तो जोड ज्या सर्किटवर आहे तो हेडलाइटचा फ्यूज, आणि स्टिअरिंगच्या मोटरचा फ्यूज वेगळा, तर त्या जोडातला करंट स्टिअरिंगपर्यंत कसा गेला हे मला वायरिंगच्या डायग्रामवर दाखवा, आणि नाही म्हणायचं असेल तर कारणासकट लेखी द्या. लेखी म्हटल्यावर सगळ्यांचा चहा गार झाला. आठ दिवस गेले, कंपनीचा एरियाचा माणूस येऊन बघून गेला, आणि शेवटी पार्ट कंपनीचा, लेबर माझं, असं मिटलं. दुकानातल्या पोराला मी काही बोललो नाही, त्याला मीच सांगितलेलं लवकर कर म्हणून.

तर तुझं. एक कॅमेरा लावला म्हणून सगळी वॉरंटी जात नाही, ज्या भागाचा बिघाड त्या बाहेरच्या फिटिंगमुळं झाला तेवढ्यापुरतं ते नाही म्हणू शकतात. आता अडचण ही की कॅमेरा आणि टचस्क्रीन ह्यांचा थेट संबंध आहे, माझ्या फॉग लॅम्पसारखा लांबचा नाही. म्हणून बघायचं हे की कॅमेरा कसा जोडलाय. कपलरला कपलर (प्लगला प्लग) बसणारं हार्नेस वापरून जोडला असेल, मूळ वायर कुठंच कापलेली नसेल, तर तुझी बाजू भक्कम आहे, फोटो काढून ठेव. वायर सोलून टेप मारली असेल तर त्यांची भक्कम आहे, उगाच तोंड वाजवत बसू नको.

लेखी नकार मात्र घेच, काहीही असो. जॉब कार्डाची कॉपी, सर्व्हिसची सगळी बिलं, वॉरंटीचं सर्टिफिकेट एका फाइलीत ठेव, मोबाइलमध्ये फोटो आहेत म्हणतोस ते मोबाइल फुटल्यावर जातात. पटलं नाही तर आधी कंपनीच्या कस्टमर केअरला मेल, फोन नाही, मेल. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथंपण नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते, आणि तू त्या सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील नसला तरी चालतंय. पण एका टचस्क्रीनसाठी तारखांना जायची तयारी आहे का हे घरात विचारून घे.

आम्ही दुधाळीत राहतो. पावसाळ्यात पाणी दारात येतंय. पुरात गाडी गेली तर ह्या वॉरंटीत काही मिळतंय का?
(एक गृहिणी, कोल्हापूर)

नाही वहिनी, एक रुपया नाही. वॉरंटी म्हणजे गाडी आतून बिघडली तर, बाहेरून काही झालं, पूर, अपघात, झाड पडलं, तर तो विम्याचा विषय. आणि आपल्याकडं हे नीट समजून घ्यायला पाहिजे कारण राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका हे आकडे आपल्या पोरांना पाढ्याआधी पाठ होतात.

फुल इन्शुरन्स असेल तर पुराचं नुकसान त्यात येतं. पण इंजिनमध्ये पाणी गेल्यावर कोणीतरी "बघू चालू होते का" म्हणून चावी फिरवली आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर विमा कंपनी म्हणते हे पुरानं नाही तुम्ही केलं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट म्हणून विम्यात वरून जोडायचं वेगळं ॲड-ऑन असतंय, ते घ्या. तुमच्या पत्त्याला ते एक्स्टेंडेड वॉरंटीच्या दहापट कामाचं आहे, पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर डोळे झाकून तिकडं घाला. आणि पाणी चाकाच्या वर गेलेली गाडी चालू करायची नाही, शेजाऱ्यानं कितीही आग्रह केला तरी, बॅटरीची वायर काढायची आणि टोइंगला फोन करायचा. २०१९ ला आणि २०२१ ला आमच्या काउंटरपुढं ज्या गाड्या लागल्या होत्या त्यातल्या ज्यांनी चावी फिरवली नव्हती त्या स्वस्तात सुटल्या. अर्थात पाऊस वाढला की आदल्या रात्रीच गाडी उंचावर नेऊन लावणे हे सगळ्यात स्वस्त, ते तुम्हाला मी काय सांगायचं.

उद्यमनगरातला माझा मिस्त्री कंपनीच्या निम्म्या पैशात सर्व्हिस करतोय आणि काम पण चांगलं. एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली तर त्याला सोडावं लागेल का?
(एक वाचक, गोकुळ शिरगाव)

माझं दुकान त्याच गल्लीत, त्यामुळं मी काय सांगणार असं वाटेल तुम्हाला, पण खरं सांगतो. वाढीव वॉरंटीच्या कागदावर बहुतेक ठिकाणी स्पष्ट लिहिलेलं असतंय की ठरलेल्या वेळात आणि किलोमीटरात अधिकृत ठिकाणी सर्व्हिस पाहिजे. ह्यावर मोठा वाद झालेला आहे, २०१४ च्या ऑगस्टमध्ये स्पर्धा आयोगानं स्पेअर पार्ट आणि बाहेरच्या गॅरेजवाल्यांची अडवणूक ह्या कारणावरून १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींचा दंड लावला होता, पुढं ते अपिलात आणि कोर्टात गेलं. पण तुमची गाडी दारात बंद पडलेली असताना काउंटरवरच्या पोरापुढं तो आदेश वाचून दाखवून काही उपयोग होत नाही.

म्हणून खरा भाव काढताना नुसता वॉरंटीचा प्रीमियम धरू नका. चौथ्या-पाचव्या वर्षाच्या दोन सर्व्हिस अधिकृत ठिकाणी केल्यावर मिस्त्रीपेक्षा जेवढे जादा जातील ते त्यात मिळवा. बऱ्याच साध्या मॅन्युअल गाड्यांचा हिशोब इथंच फिसकटतो. तुमची तशी असेल तर मिस्त्रीला सोडू नका, चांगला मिस्त्री हीच वॉरंटी, फक्त त्याच्याकडून ऑइलचं पक्कं बिल घेत जा. पहिली तीन वर्षं मात्र कंपनीतच, त्यात तडजोड नको, आणि तारीख चुकवू नका. एक जण होता आमच्याकडं, गुऱ्हाळाचा सीझन म्हणून तीन महिने उशिरा आला, नेमकं त्याच वर्षी कॉम्प्रेसर गेलं.

शोरूमवाला म्हणतोय वॉरंटी आणि ॲक्सेसरीजचं पॅकेज घेतलं तर दिवाळीला डिलिव्हरी, नाहीतर दोन महिने थांबा.
(एक वाचक, राजारामपुरी)

मेलवर लिहून दे म्हणा. देणार नाही. एक गोष्ट हवी तर दुसरी घ्याच अशी अट घालणं कायद्यानं प्रतिबंधित व्यापार प्रथेत बसतं, आणि हे त्याला पण माहीत असतंय.

सेकंडहँड गाडी घेतोय, सहा वर्षं जुनी, डीलर "इंजिन-गिअरबॉक्स सहा महिने वॉरंटी" देतोय. चांगलं आहे ना?
(एक वाचक, गडहिंग्लज)

कागद बघितल्याशिवाय सांगता येत नाही. त्यावर कोणाचं नाव आहे, कार कंपनीचं, का डीलरचं स्वतःचं, का तिसऱ्याच कोणाचं? क्लेमचा पैसा कोण देणार आणि काम कुठं करायचं, गडहिंग्लजात का त्यासाठी गाडी टो करून पुण्याला न्यायची? एका क्लेमला जास्तीत जास्त किती? बऱ्याचदा ती मर्यादा एवढी कमी असते की गिअरबॉक्स उघडून परत बंद करायच्या लेबरलाच संपते. त्या वॉरंटीचे पैसे वेगळे मागत असेल तर तेच पैसे विकत घ्यायच्या आधी स्वतःच्या मिस्त्रीला गाडी दाखवण्यात घाला.

मी निवृत्त शिक्षक. छोटी पेट्रोल गाडी, हाताचे गिअर. वर्षाला चार हजार किलोमीटरसुद्धा होत नाहीत, देवळात आणि भाजीला. मुलगा बंगळुरूहून फोन करून सारखा म्हणतो बाबा वॉरंटी वाढवून घ्या.
(एक वाचक, कळंबा)

नको गुरुजी. तुमच्या गाडीला जे होणार आहे ते वॉरंटीत येतच नाही. उभी राहून राहून बॅटरी उतरणार, टायर एका जागी चपटे पडणार, वायपरचं रबर कडक होणार, आणि कळंब्याला शेताच्या कडेला घर असेल तर ऊस तुटला की उंदीर बॉनेटमध्ये येऊन वायरी कुरतडणार, तेपण वॉरंटीत नाही. मुलाला सांगा तेवढे पैसे बाबांच्या खात्यावर पाठव. आणि आठवड्यातून एकदा गाडी काढून पन्हाळ्यापर्यंत जाऊन येत जा, काकूंना पण घेऊन जा, जाऊन येऊन पन्नासेक किलोमीटर होतात, बॅटरीला तेवढं पुरतंय. निघायच्या आधी बॉनेट उघडून बघायचं मात्र विसरू नका.